साखळीची ढील

सायकलची साखळी कधी पडली नाही असा स्वार विरळा. साखळी पडली की आपण खाली उतरतो, बोटे काळी करून ती चक्रावर पुन्हा चढवतो आणि ‘चेन ताणून घेतली पाहिजे’ असे म्हणत पुढे जातो. या ‘ताणून घेणे’ शब्दांतच एक गैरसमज दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. तंबोऱ्याची तार ताणलेली असावी लागते. ताणावाचून ती बोलत नाही. साखळीचे तसे नाही. पायांचा जोर पडला म्हणजे तिची वरची बाजू आपोआप ताणली जाते, आणि खालची बाजू त्या वेळी सैलच असते. कारागिराने ठरवायचा तो ताण नव्हे, ढील. साखळी दात्यांवरून उतरणार नाही इतकी ती कमी हवी, आणि साखळी कोठेही आवळणार नाही इतकी ती पुरेशी हवी. आवळलेली साखळी पायांना जड जाते, शिवाय आसाच्या छऱ्यांवर सतत भार टाकून ते झिजवते.

ही ढील वाढते का? साखळी ‘लांबते’ असे आपण म्हणतो, पण तिचे पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. १८८० साली मँचेस्टर येथे हान्स रेनोल्ड यांनी जी बुशरोलर साखळी सिद्ध केली, तिच्याच वंशातली आपल्या सायकलची साखळी आहे. तिच्या प्रत्येक सांध्यात एक खिळा फिरतो. तो खिळा आणि त्याचे घर किंचित किंचित झिजते, आणि शंभराच्या आसपास सांध्यांची झीज मिळून ढील दिसू लागते. सायकलच्या साखळीत खिळ्यापासून खिळ्याचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. त्या एक अष्टमांश इंचाने जास्त भरल्या, तर साखळीचे आयुष्य संपले असे समजावे. अशी साखळी कितीही नीट बसवली तरी दाते खाऊ लागते. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी फूटपट्टी हाती घ्यावी.

साध्या सायकलीवर ढील काढणे सोपे असते. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ निघाली आणि साखळीने मागचे चाक फिरवण्याची रीत रूढ झाली. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीत मागच्या चाकाचा आस खाचेत बसतो. नट सैल करून चाक मागे ओढले की काम झाले. परंतु दोघांनी चालवायच्या जोडसायकलीत पुढच्या पायट्यांपासून मागच्या पायट्यांपर्यंत एक वेगळी साखळी जाते. तिची दोन्ही टोके सांगाड्यातच असल्यामुळे ओढायला चाकच नसते! मग एक आस सरकवायचा कसा?

येथे जात्याचा खुंटा आठवावा. तो मधोमध नसतो, कडेला असतो. म्हणून जाते जागच्या जागी फिरले तरी खुंटा जागा बदलतो. जोडसायकलीच्या पुढच्या पायट्यांचा आस अशाच एका गोल ठोकळ्यात बसवतात. आसाचे भोक ठोकळ्याच्या केंद्रापासून बाजूला पाडलेले असते. यालाच उत्केंद्री म्हणावे. ठोकळा सांगाड्याच्या नळीत फिरवला की आस पुढेमागे सरकतो. भोक केंद्रापासून पाव इंच दूर असेल, तर आसाला एकूण अर्धा इंच सरकता येते. एवढेच पुरे कसे? साखळीत आतल्या व बाहेरच्या कड्या एकाआड एक असल्यामुळे ती साधारणपणे एक इंचाहून कमी तोडता येत नाही. तो इंच वरच्या व खालच्या बाजूंत वाटला जातो, म्हणून आसाच्या वाट्याला अर्धाच इंच येतो.

आता प्रत्यक्ष कृती. ठोकळा धरणारे स्क्रू सैल करावेत, पण काढून टाकू नयेत. ठोकळा कुरकुरत असेल तर तो पुसून ग्रीस लावावे. मग पायटे सावकाश फिरवीत साखळी सर्वांत घट्ट कोठे होते ते पाहावे. कारण कोणतेही चक्र अगदी निर्दोष गोल नसते. त्याच जागी थांबून ठोकळा असा फिरवावा की साखळी मध्यभागी वरखाली मिळून सुमारे अर्धा इंच हलेल. सैल जागी माप घेतले, तर घट्ट जागी साखळी आवळते. शेवटी स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत आणि ढील पुन्हा तपासावी. स्क्रूचे टोक ठोकळ्यावर खळगा पाडते, आणि नवी जागा जुन्या खळग्याच्या लगत आली तर आवळताना ठोकळा घसरून पहिल्या जागी जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठोकळा गोल फिरतो, म्हणून आस पुढेमागे जाताना वरखालीही होतो. तीच ढील बहुधा दोन जागी मिळते, एक वर आणि एक खाली. खालची जागा निवडली तर पायटे जमिनीजवळ येतात; वरची निवडली तर बैठक पायट्यांजवळ येते आणि ती थोडी उंच करावी लागते.

इतका काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. जोडसायकलीवर पुष्कळदा पुढे डोळस आणि मागे अंध स्वार असतो. पॅरालिंपिक स्पर्धांतील अंधांच्या शर्यतीही अशाच होतात. मधली साखळी उतरली, तर पुढच्याच्या पायाखालचा आधार भर वेगात नाहीसा होतो, आणि सुकाणू त्याच्याच हाती असते. मागच्याला येणारे वळण दिसत नाही. त्याचा सारा भरवसा पुढच्यावर आणि त्या साखळीवर. म्हणून निघण्यापूर्वी एकाने साखळीवर बोट ठेवावे, दुसऱ्याने पायटे एक पूर्ण फेरा फिरवावेत. घट्ट जागी साखळी अर्धा इंच हलली, की दोघांनी खुशाल निघावे.