संगणकाच्या आज्ञेतील कुलूप

आमच्या व्यापारी बंधूंच्या गाळ्यांस हल्ली किल्लीवाचून उघडणारी कुलुपे बसू लागली आहेत. मोबाईलने उघडणारे हे ब्लूटूथ कुलूप पेढीवरील संगणकानेही उघडता येईल काय, अशी पृच्छा होते. येते, परंतु ते कसे उघडते हे समजून घेतल्यावाचून बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुलपात बॅटरीवर चालणारी लहानशी मोटार असते व ती आतील दांडा सरकविते. आज्ञा येते ती ब्लूटूथच्या रेडिओलहरींवरून. या शोधाचे काम १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झाले. नाव मात्र दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे! भिंती आड आल्या म्हणजे या लहरी थोड्याच अंतरात क्षीण होतात. यास्तव संगणक दारानजीक हवा. घरी बसून गोदाम उघडावयाचे तर दाराजवळचा संगणक इंटरनेटला जोडावा लागतो, आणि मग दाराचा रस्ता साऱ्या जगाकडे जातो.

कुलूप व संगणक यांचा व्यवहार हुंडीसारखा आहे. जोडणीच्या वेळी उभयतांस एक गुप्त आकडा मिळतो. पुढे दर खेपेस कुलूप नवी संख्या पाठविते, संगणक तिची गुप्त आकड्याशी सांगड घालून उत्तर देतो, व ते जुळले तरच दांडा सरकतो. ते उत्तर कोणी वाटेत टिपून घेतले तरी पुढल्या खेपेस व्यर्थ. वटलेल्या हुंडीचा खोखा पुन्हा का वटतो?

तथापि सारेच कारखानदार ही रीत पाळतात असे नाही. २०१६ साली लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत अँथनी रोझ व बेन रॅम्से यांनी सोळा ब्लूटूथ कुलपांची परीक्षा मांडली. पैकी बारा त्यांना उघडता आली. काहींचा संकेतशब्द उघडाच जात होता, काहींत जुनेच उत्तर पुन्हा चालत होते. २०२२ साली एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी लहरी मधून पुढे ढकलून, दूरचा मोबाईल दाराशीच असल्याचे कुलपास भासविले. मनुष्य जवळ येताच आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवावी, ती याचसाठी.

पण आम्हांस खरी चिंता संगणकाची वाटते. होम असिस्टंट नावाच्या विनामूल्य प्रणालीने येलसारखी काही कुलुपे संगणकावरून चालविता येतात. गुप्त आकडा एकदा तेथे उतरला की तो संगणकच किल्ली झाला. आता आपल्या पेढीवर त्याच यंत्रापाशी मुनीम बसतो, गुमास्ता बसतो, जीएसटीच्या दिवसांत हिशेबनिसाचा माणूसही बसतो, आणि संकेतशब्द पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटविलेला! या कामास वेगळा लहान संगणक योजावा, प्रत्येकाचे खाते निराळे असावे, आणि नोकर सोडून जाईल त्याच सायंकाळी त्याचे नाव काढावे. पितळी किल्लीची नक्कल झाली तर मालकास पत्ता लागत नसे. येथे खाती निराळी असली म्हणजे कोणाच्या नावाने किती वाजता दार उघडले याची नोंद राहते. पर्युषणात पेढी बंद असता ही नोंद अवश्य पाहावी.

खरेदी करताना कुलपास साध्या किल्लीचे छिद्र आहे ना, हेही पाहावे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सुटून तापीने सुरतेचा बहुतेक भाग बुडविला. तशा वेळी मोटार आणि संगणक दोन्ही निकामी. ती किल्ली गोदामात न ठेवता घरी, वरच्या मजल्यावर ठेवावी.