पाचूच्या कोंदणातील घड्याळ : एका वस्तुरूप साधनाचे बहुविद्याशाखीय वाचन

बीजसंज्ञा : चीपसाइड खजिना, पाचू, वस्तुरूप साधने, रत्नव्यापार, कालमापन.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अध्यापनात लिखित साधनांना अग्रस्थान असते. वस्तूंचा उल्लेख बहुधा पुरवणीदाखल होतो. परंतु ज्या वस्तूवर निर्मात्याची सही नाही आणि मालकाचे नावही नाही, तिच्याकडून इतिहास कसा मिळवावा, हा पद्धतिशास्त्राचा महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात लंडन म्युझियमच्या संग्रहातील सोने व पाचू यांच्या घड्याळाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

२. शोध व कालनिश्चिती

दि. १८ जून १९१२ रोजी लंडनच्या चीपसाइड भागात जुन्या इमारती पाडताना मजुरांना तळघराच्या जमिनीखाली दागिन्यांचा मोठा साठा सापडला. अंगठ्या, साखळ्या, लोलक, सुटी रत्ने अशा सुमारे ५०० वस्तू त्यात होत्या. मजुरांकडून त्या जॉर्ज फेबियन लॉरेन्स या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने खरेदी केल्या व त्यांतील बहुतांश संग्रहालयाकडे गेल्या. शास्त्रीय उत्खनन न झाल्याने वस्तूंच्या मांडणीची नोंद मात्र कायमची हरपली.

तरीही साठ्याचा काळ ठरवता आला. त्यातील एका कोरीव खड्यावर विल्यम हॉवर्ड, व्हायकाउंट स्टॅफर्ड यांचे चिन्ह आहे. हा किताब त्यांना १६४० मध्ये मिळाला. म्हणजे साठा त्यापूर्वी पुरलेला असू शकत नाही. दुसरीकडे, वरच्या इमारती १६६६ च्या भीषण आगीनंतर उभारलेल्या होत्या. या दोन मर्यादांच्या दरम्यान तो पुरला गेला. घड्याळ मात्र त्याहून जुने, इ. स. १६०० च्या सुमाराचे मानले जाते.

३. रत्न : खनिजशास्त्रीय बाजू

सामान्यतः रत्न सोन्याच्या कोंदणात बसवतात. येथे रत्नच कोंदण झाले आहे. पाचूचा एक मोठा षट्कोनी स्फटिक आतून पोखरून त्यात यंत्र बसवले आहे. झाकणही पाचूचेच असल्याने ते न उघडता तबकडी दिसते. तबकडी सोन्याची असून तिच्यावर हिरव्या पारदर्शक मिन्याचे काम आहे.

पाचू हे बेरिल वर्गातील खनिज. क्रोमियम व व्हॅनेडियम यांच्या अंशामुळे त्याला हिरवा रंग येतो. मोह्‌स मापनश्रेणीवर त्याची कठिणता ७.५ ते ८ असली तरी अंतर्गत भेगांमुळे तो ठिसूळ असतो. असा स्फटिक पोखरणे म्हणजे एका चुकीच्या दाबाने संपूर्ण भांडवल गमावण्याची जोखीम पत्करणे होय. कारागिराचे नाव नसले तरी त्याचे कौशल्य व त्याच्या आश्रयदात्याची ऐपत दोन्ही येथे नोंदली गेली आहेत.

४. यंत्र : कालमापनाची बाजू

त्या काळच्या लहान घड्याळांत चक्राला नियंत्रित करणारी केसासारखी स्प्रिंग नव्हती. ती हायगेन्सने १६७५ मध्ये प्रचारात आणली. त्यापूर्वी दिवसभरात पाव-अर्ध्या तासाचा फरक पडणे नित्याचे होते व बहुतेक घड्याळांना केवळ तासकाटा असे. त्यामुळे गळ्यात वा कमरेला अडकवायचे असे घड्याळ वेळ पाहण्यापेक्षा प्रतिष्ठा दाखवण्याचे साधन अधिक होते. आज त्याचे यंत्र गंजून स्फटिकात घट्ट बसले आहे. खजिन्यातील सही असलेली एकमेव वस्तू म्हणजे जिनिव्हाच्या फेर्लीट या कारागिराचे दुसरे एक घड्याळ.

५. व्यापार व श्रम

हा पाचू आजच्या कोलंबियातील मुझो परिसरातला आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रदेश स्पॅनिश सत्तेखाली आला आणि स्थानिक लोकांना खाणीत सक्तीने राबवले गेले. अतिश्रम व साथीचे रोग यांमुळे तेथील मूळ लोकसंख्या झपाट्याने घटली. तेथील पाचू स्पेनमार्गे युरोपात व पोर्तुगीज गोव्याच्या बाजारपेठेतून मुघल दरबारापर्यंत पोहोचले. भारतात ‘जुन्या खाणीचे’ म्हणून ओळखले जाणारे कित्येक पाचू पूर्वेकडील मानले जात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सिजन समस्थानिकांच्या अभ्यासाने हैदराबादच्या निजामांच्या संग्रहातील काही पाचूंचे मूळ कोलंबियात असल्याचे दाखवून दिले. लंडनचे घड्याळ आणि दख्खनमधील ही रत्ने एकाच साखळीचे दोन दुवे आहेत.

६. निष्कर्ष

१) लिखित पुरावा नसतानाही खनिजशास्त्र, यंत्रविद्या व अर्थशास्त्र यांच्या साहाय्याने वस्तूचा काळ, मूळ व उपयोग यांविषयी सयुक्तिक विधाने करता येतात.

२) या पद्धतीला मर्यादा आहेत. स्फटिकातून खाण ओळखता येते, खाणकामगार ओळखता येत नाही. १९१२ च्या खोदकामातील मजूरही बहुतांशी अनामच राहिले. वस्तूच्या सौंदर्याचे वर्णन करताना ही अनुपस्थितीही विद्यार्थ्यांसमोर मांडणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

३) पदवी स्तरावर इतिहास, भूगर्भशास्त्र, पदार्थविज्ञान व वाणिज्य या विभागांनी अशी एकेक वस्तू निवडून संयुक्त अध्यापन करावे. स्थानिक संग्रहालयातील एखादे नाणे वा दागिनाही त्यासाठी पुरेसा आहे.