नॉटिलस कशावर चालते?

रिचर्ड फ्लायशर दिग्दर्शित ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ (१९५४) हा डिस्नेचा चित्रपट पुन्हा पाहताना एक प्रश्न मनात ठेवा: कॅप्टन निमोची पाणबुडी चालते कशावर?

ज्यूल व्हर्न यांच्या १८७० च्या कादंबरीत ती विजेवर चालते. समुद्राच्या पाण्यातून सोडियम काढून विद्युतघट बनवले जातात. पण सोडियम वेगळा करायलाही ऊर्जा लागते. व्हर्न यांनी त्यासाठी समुद्राखालचा कोळसा योजला आहे. म्हणजेच सोडियम हा ऊर्जेचा साठा झाला, स्रोत कोळसाच.

चित्रपटात मात्र अणुऊर्जेचे सूचन आहे. शेवटचा स्फोटही अणुस्फोटाची आठवण करून देतो. असा बदल का झाला असावा? जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेची पहिली अणुपाणबुडी पाण्यात उतरली होती. तिचे नावही नॉटिलसच. प्रत्येक काळ आपले स्वप्न आपल्या इंधनावर चालवतो.

आज हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांविषयी वाचताना हाच भेद लक्षात घ्या. हायड्रोजन स्वच्छ जळतो, हे खरे; पण तो तयार करायला ऊर्जा कुठून आली, हे आधी विचारा.