किती रक्त गेलं?

बाळंतपणानंतर बाईचं किती रक्त गेलं, या प्रश्नाचं उत्तर कित्येक प्रसूतिगृहांत आजही नजरेनंच दिलं जातं. भिजलेले बोळे, चादर, खाटेखालची बादली यांवरून एक नजर फिरते आणि केसपेपरवर अंदाजाचा एखादा शब्द पडतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं, कारण बहुतेक बायकांना फार रक्त जातच नाही. पण जगभरात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होतो आणि त्यातल्या ७० हजारांच्या आसपास दगावतात. रक्त थांबवणारी औषधं आहेत, ती महाग नाहीत, आणि वापरायची कशी हेही माहीत आहे. गेल्या दीड दशकातलं संशोधन एकत्र ठेवून वाचलं, तर या मृत्यूंमागचं मोठं कारण औषधाची उणीव हे नाही, असं माझं मत झालं आहे. औषध द्यायची वेळ झाली, हेच वेळेत कळत नाही. ते कळायचं तर गेलेलं रक्त मोजायला हवं आणि आकडा दिसताच काय करायचं हे आधीच ठरलेलं असायला हवं. यातली एकच गोष्ट केली तर फारसं हाती लागत नाही.

घाई एवढी का, ते शरीराच्या रचनेतच आहे. नऊ महिने भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त धावत असतं. वार सुटली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची उघडी तोंडं उरतात. ती बंद करायचं पहिलं काम गर्भाशयाचे स्नायू करतात: घट्ट आवळून ते वाहिन्या चिमटीत धरतात. दुसरं काम रक्ताच्या गुठळीचं. फायब्रिन नावाच्या प्रथिनाचं जाळं तयार होतं आणि तोंडं बुजतात. मात्र शरीरात गुठळी विरघळवणारी यंत्रणाही असते, आणि जखम किंवा प्रसूतीनंतर लगेच ती जोरात चालू होते. स्नायू सैल पडला असेल आणि त्याच वेळी गुठळ्या बनता बनता विरत असतील, तर बाई काही तासांत हाताबाहेर जाते. प्रसूती होताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते पहिल्या कामासाठी. दुसऱ्या कामासाठी असलेलं औषध म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. गुठळी विरघळवणाऱ्या द्रव्याला ते फायब्रिनवर पकडच घेऊ देत नाही. नवी गुठळी ते बनवत नाही, बनलेली टिकवतं.

उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्यानं हे औषध शोधलं आणि १९६२ मध्ये त्याबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मनात पहिल्यापासून बाळंतिणीच होत्या, पण त्यांच्यावर चाचणी घ्यायला तिथल्या डॉक्टरांची तयारी झाली नाही. औषध पुढे दात काढताना आणि मासिक पाळीच्या जादा रक्तस्रावासाठी वापरात आलं. मोठा पुरावा आला तो २०१० मध्ये, अपघात आणि मारहाणीतल्या जखमींवरच्या ‘क्रॅश-२’ चाचणीतून. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २० हजारांहून अधिक रुग्ण घेतले गेले आणि मृत्यूंचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आलं. दुसऱ्या वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड केली, तेव्हा खरी गोष्ट समोर आली. जखम झाल्यापासून तासाभरात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटले होते. तीन तासांनंतर ज्यांना ते मिळालं, त्यांच्यात मृत्यू उलट वाढले होते. म्हणजे औषध तेच, मात्रा तीच, आणि केवळ घड्याळाच्या फरकानं परिणाम उलटा.

बाळंतिणींवरची ‘वुमन’ चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. २१ देश, १९३ रुग्णालयं, २०,०६० बायका. उताको ओकामोतो आदल्याच वर्षी, वयाच्या ९८व्या वर्षी गेल्या होत्या. रक्तस्रावानं होणारे मृत्यू १.९ टक्क्यांवरून १.५ वर आले, आणि प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत १.७ वरून १.२ वर. पुढे दोन्ही चाचण्यांतल्या ४० हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा दिसलं की दर १५ मिनिटांच्या उशिरामागे औषधाचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटत जातो आणि तीन तासांशी संपतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्येच शिफारस केली: अतिरक्तस्रावाचं निदान होताच, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत, एक ग्रॅम शिरेतून, सावकाश.

‘वुमन’वर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या चाचणीनं आधी जाहीर केलेलं उद्दिष्ट मृत्यू किंवा गर्भपिशवी काढावी लागणं, असं दुहेरी होतं, आणि त्यात फरक पडला नाही. पण गर्भपिशवी काढायचा निर्णय पुष्कळदा बाई चाचणीत दाखल होतानाच झालेला होता, त्यामुळे औषधाला तिथे काही करून दाखवायला वावच नव्हता. रक्तस्रावानं होणारा मृत्यू हाच औषधाच्या कामाशी थेट जोडलेला निकष आहे आणि तिथे फरक दिसतो. दुसरी भीती गुठळ्यांची. गुठळी टिकवणारं औषध पायाच्या किंवा फुफ्फुसाच्या शिरेत नको तिथे गुठळी करणार नाही का? ‘वुमन’मध्ये दोन्ही गटांत असे प्रकार सारखेच, तुरळक होते. तरीही भीती निराधार म्हणता येत नाही. जठर-आतड्यातल्या रक्तस्रावावरच्या २०२० च्या ‘हॉल्ट-इट’ चाचणीत, १२ हजार रुग्णांत, मृत्यू घटले नाहीत आणि शिरांमधल्या गुठळ्या ०.४ वरून ०.८ टक्के झाल्या. तिथे मात्रा जास्त होती, औषध २४ तास चालू ठेवलं होतं, आणि पोटात रक्तस्राव नेमका कधी सुरू झाला हे पुष्कळदा ठाऊकही नसतं. बाळंतिणीच्या बाबतीत सुरुवातीचं मिनिट माहीत असतं. फायदा बाळंतिणींत मिळतो आणि पोटातल्या रक्तस्रावात मिळत नाही, याचं एक कारण मला यातच दिसतं.

मग सुरुवात माहीत असूनही उशीर का होतो? कारण नजर चुकते. रक्त गर्भजलात मिसळतं, कापसात जिरतं, कमरेखाली साचतं. एकदम धो धो वाहिलं तर कुणीही धावेल, पण तास-दीड तास धारेनं जात राहिलेलं रक्त खोलीतल्या कुणाच्याच हिशेबात नसतं. शिवाय तरुण बाईचं शरीर बराच वेळ सावरून धरतं. बरंच रक्त जाईपर्यंत रक्तदाब फारसा हलत नाही, आणि हलतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो. नजरेचा हा दोष किती, ते बेळगावात मोजलं गेलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी केली. त्यात १,६२० बायका होत्या आणि काम पाहत होत्या उपकेंद्रांतल्या परिचारिका. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या गोळ्यांनी अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. या चाचणीसाठी मोजमापाचं साधन लागणार होतं, म्हणून एक प्लास्टिकची चादर तयार झाली. बाळ बाहेर आलं की ती बाईच्या कमरेखाली सरकवायची आणि बंदांनी बांधायची. चादरीचं खालचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं होत खाटेच्या कडेवरून लोंबतं, आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा असतात. याच गटानं नजरेचा अंदाज आणि पिशवीतला आकडा शेजारी ठेवले, तेव्हा नजर सुमारे एक तृतीयांश कमी सांगत होती. साडेसातशे मिली गेलेलं असताना पाचशे दिसत असेल, तर उपचाराचा पाचशे मिलीचा उंबरठा ओलांडून बराच वेळ झाल्यावर धावपळ सुरू होते.

एवढं वाचून कुणी म्हणेल, पिशव्या वाटा, प्रश्न सुटेल. सुटत नाही. युरोपातल्या १३ देशांत नेमकं हेच करून पाहिलं होतं. २५ हजारांवर बायका, निम्म्या रुग्णालयांत पिशवी, निम्म्यांत नेहमीचा अंदाज. २०१० मध्ये निकाल आला: गंभीर रक्तस्रावात ठोस फरक नाही. आकडा दिसला, पण दिसल्यावर काय करायचं याची पद्धत बदललेली नव्हती. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीनं ती फट बुजवली. दोन लाखांहून अधिक योनिमार्गे प्रसूती त्यात होत्या. पिशवी दोन्ही गटांत वापरली गेली. एका गटातल्या पिशवीवर रेघा होत्या, दुसऱ्यातलीवर नव्हत्या, ती फक्त नंतर वजन करून नोंद घेण्यासाठी. रेघांच्या गटात आणखी एक गोष्ट ठरलेली होती: रक्त खुणेपाशी पोहोचलं की गर्भाशयाचा मसाज, आकुंचनाचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि जखम कुठे आहे याची तपासणी, हे सगळं एकामागून एक वाट न बघता एकत्रच करायचं. एका उपायाचा गुण येतो का ते बघून मग दुसऱ्याकडे वळायचं, ही जुनी सवय त्यानं मोडली. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या जवळपास निम्म्या केसेस ओळखल्याच गेल्या नव्हत्या. रेघांच्या गटात ९३ टक्के ओळखल्या गेल्या.

या चाचणीचीही मर्यादा सांगायला हवी. पाच उपायांपैकी कोणत्या एकानं किती काम केलं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. आणि निव्वळ मृत्यूंच्या आकड्यात नि:संशय म्हणावा असा फरक दिसला नाही, कारण चाचणीतले मृत्यूच मोजके होते. पण लिटरभर रक्त जाणाऱ्या बायकांची संख्या निम्म्याहून कमी होते, तेव्हा रक्ताची बाटली, मोठ्या रुग्णालयाकडची धाव आणि महिनोन्‌महिने पुरणारा अशक्तपणा, हे सगळंच टळतं. आपल्याकडे याचं महत्त्व दुप्पट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. अशा बाईला अर्धा लिटरही सोसत नाही.

रक्तक्षय एवढा आहे तर सगळ्यांनाच आधीच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड का देऊ नये, मोजायची कटकटच नको, असा युक्तिवाद होऊ शकतो. तोही तपासून झाला आहे. ‘वुमन-२’ चाचणीत १५ हजार रक्तक्षयी बायकांपैकी निम्म्यांना नाळ बांधताच औषध दिलं, आणि अतिरक्तस्राव कमी झाला नाही. म्हणजे मोजमापाला आडवाट नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये प्रत्येक योनिमार्गे प्रसूतीनंतर रक्त मोजण्याची शिफारस केली, आणि २०२५ मध्ये नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर ३०० मिलीलाच उपचार सुरू करायला सांगितलं.

महाराष्ट्राची स्थिती देशात चांगल्यांपैकी आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते, तेव्हा राज्यात ३३. मातामृत्यू इतके खाली आले ते मोठ्या प्रमाणात बाळंतपणं दवाखान्यात आणल्यामुळे. उरलेले मृत्यू आता दवाखान्याच्या आतली पद्धत बदलूनच कमी होतील. रात्रपाळीला एकच सिस्टर असते, तिनं बाळ बघायचं, बाईला बघायचं की पिशवीतला आकडा वाचायचा, ही अडचण खरी आहे. पण एकटी असेल तर तिला अंदाजाचं ओझं अधिकच जड. खुणेवर आलेला आकडा डॉक्टरला फोनवर सांगता येतो, ‘जरा जास्त वाटतंय’ यावर कुणी रात्री उठून येत नाही. पिशवी नसेल तिथे भिजलेली कापडं तोलूनही भागतं: कोरड्या कापडाचं वजन वजा करायचं, उरलेला एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करायची पद्धत आपल्याकडे आहेच. त्या कागदांवर दोन वेळा लिहिणं सक्तीचं करावं: रक्त पाचशे मिलीवर कधी पोहोचलं आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन कधी दिलं. पहिला रकाना कोरा राहिला, तर त्या दवाखान्यात सर्वांत आधी काय पुरवायचं हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळेल.