कारागिराचा फोटो त्याच्या कामाच्या जागी

आमच्या गावात एक कुंभारबुवा होते. त्यांच्या हाताला मोठा गुण. त्यांच्या माठातले पाणी चैत्रातही गार लागे. एकदा मी त्यांचा फोटो काढायला गेलो. ते चाकावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "गुरुजी, माहा फोटो कायले काढता? हात चिखलानं भरले आहेत. थांबा, धुऊन येतो."

मी थांबलो. ते हातपाय धुऊन, नवा सदरा, कोट, टोपी घालून आले. भिंतीपाशी खुर्ची टाकून ताठ बसले. मी फोटो काढला. दोन वर्षांनी बुवा वारले. पुढे चाकही बंद पडले. आता तो फोटो त्यांच्या घरी भिंतीवर आहे. परवा त्यांचा नातू मला विचारत होता, "आजा काय काम करत होता?" त्या फोटोत कोट दिसतो, टोपी दिसते. पण कुंभार कुठेच दिसत नाही. ती चूक माझी. मी बुवांना हात धुऊ द्यायला नको होते.

म्हणून आज या विषयावर चार शब्द सांगतो.

जुने फोटो ताठ का?

फोटोची कला 1839 साली पॅरिसमध्ये जगापुढे आली. मुंबईत 1854 साली फोटो काढणाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले. त्या काळी फोटो उमटायला बराच वेळ लागे. माणूस जरा हलला, की चेहरा पुसट येई. म्हणून लोकांना ताठ बसवत. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू देत. पुढे यंत्र सुधारले. पण आपली ताठ बसायची सवय काही गेली नाही!

थोर लोकांनी काय केले?

जर्मनीत ऑगस्ट झांडर नावाचे फोटोग्राफर होते. त्यांनी शेतकरी, मजूर, कारागीर, वकील अशा सर्व थरांतल्या लोकांचे फोटो काढले. 1928 सालचा त्यांचा एक फोटो जगभर गाजला. त्यात एक हलवाई आपल्या भटारखान्यात उभा आहे. अंगात पांढरा डगला, हातात मोठे भांडे. पण नजर कशी? एखाद्या राजासारखी! 1929 साली झांडर यांचे 60 फोटोंचे पुस्तक निघाले. तिथल्या नाझी सरकारला ते खपले नाही. 1936 साली सरकारने त्या पुस्तकाचे ठसे नष्ट केले. साध्या माणसांचे खरे फोटो. पण त्यांचीही सत्तेला भीती वाटली!

आपल्याकडचे दादासाहेब फाळके पाहा. ते त्र्यंबकेश्वरचे. आधी त्यांनी फोटोचा धंदा केला. मग 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आणला. 1917 साली त्यांनी आणखी एक लहान चित्रपट केला. चित्रपट कसा तयार होतो, हे त्यात दाखवले. त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. त्याचा काही भाग अजून शिल्लक आहे. त्यामुळे तो कसबी माणूस आजही आपल्याला कामात गढलेला पाहायला मिळतो.

अलीकडे संदेश भंडारे यांनी तमाशाच्या कलावंतांचे फोटो काढले. ते फडांबरोबर हिंडले. नुसता फड रंगलेला त्यांनी टिपला नाही. पडद्यामागचे कष्टाचे जिणेही टिपले. कलावंत कळायचा तर त्याची कामाची जागा पाहावी लागते.

आपण कसा काढावा?

आज बहुतेक घरांत मोबाइल आहे. आपल्या जिल्ह्यात कारागीरही आहेत. खामगावची चांदी दूरवर प्रसिद्ध आहे. गावोगाव सुतार, लोहार, बुरूड, शिंपी आहेत. गोधडी शिवणाऱ्या आयाबाया आहेत. त्यांचे फोटो घ्या. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, आधी विचारा. "फोटो काढू का? तो कोणाला दाखवू?" असे स्पष्ट विचारा. बाईमाणसाला तर जरूर विचारा. नको म्हटले, तर राग धरू नये. चेहरा त्यांचा आहे, हक्कही त्यांचाच.

दुसरी गोष्ट, उजेड. खोलीत अंधार असेल तर कारागिराला दाराजवळ काम करू द्या. उजेड त्याच्या तोंडावर एका बाजूने पडावा. दार त्याच्या पाठीमागे नको. मागे लख्ख उजेड असला, की मोबाइल त्या उजेडाचाच हिशेब धरतो, आणि चेहरा काळा येतो. उजेड कमी पडला तर हलता हातही पुसट येतो. सकाळची वेळ चांगली.

तिसरी गोष्ट, घाई नको. आधी घटकाभर जवळ बसा, बोला. माणूस कामात रमला, की यंत्राला विसरतो. तो खाली बसला असेल तर तुम्हीही खाली बसा. वरून काढलेल्या फोटोत माणूस खुजा दिसतो.

चौथी गोष्ट, तीन फोटो काढा. एकात सगळी जागा यावी. दुसऱ्यात चेहरा आणि हात यावेत. तिसऱ्यात नुसते हात आणि हत्यार. आणि हो, मोबाइलची काच आधी मऊ फडक्याने पुसा!

शेवटचे काम लेखणीचे

फोटो मोबाइलमध्येच ठेवू नका. मोबाइल हरवतो, बिघडतो. एक प्रत कागदावर छापून कारागिराला नेऊन द्या. दुसरी घरी जपा. पाठीमागे लिहा : नाव, गाव, काम, तारीख. नाव नसेल तर पन्नास वर्षांनी तोच फोटो 'कोणीतरी अनोळखी माणूस' होतो.

पूर्वी हे लिहायला दुसऱ्याच्या पाया पडावे लागे. आता तुम्हाला लिहिता येते. मग वाट कसली पाहता?

मी अलीकडे एका घोंगडी विणणाऱ्या आजोबांकडे गेलो होतो. तेही म्हणाले, "थांबा, सदरा बदलतो." मी म्हटले, "बाबा, सदरा राहू द्या. तुम्ही विणत राहा." ते हसले आणि पुन्हा मागावर वाकले. तेवढ्यात मी फोटो घेतला. त्याच्या पाठीमागे त्यांच्या नातीने आपल्या हाताने आजोबांचे नाव लिहिले. तिला मात्र कोणाला विचारावे लागणार नाही, की आजा काय काम करत होता.