ग्रामीण महाराष्ट्रातील पाणी तापवण्याची साधने

ग्रामीण महाराष्ट्रात अंघोळ, बाळंतिणीचे व तान्ह्या मुलांचे न्हाणे आणि दुभत्या जनावरांचे आंबोण यांसाठी घरोघरी पाणी तापवले जाते. या कामासाठी परंपरेने चूल आणि तांब्याचा बंब वापरला जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांत सुधारित बंब, सौर बंब, विजेवरील गिझर आणि उष्णता पंप या साधनांची भर पडली. स्वयंपाकासाठी गॅस वापरणाऱ्या अनेक घरांत अंघोळीचे पाणी मात्र अजूनही लाकडावरच तापते. त्यामुळे ग्रामीण इंधनवापर, वनसंवर्धन आणि स्त्रियांचे श्रम या तिन्ही विषयांत या साधनांना महत्त्व आहे.

पारंपरिक साधने

सर्वांत साधी पद्धत म्हणजे तीन दगडांच्या चुलीवर हंडा किंवा पातेले ठेवून पाणी तापवणे. ही चूल बहुधा अंगणात, परसात किंवा न्हाणीघरालगत असते. मातीच्या स्वयंपाकाच्या चुलीला जोडून असलेल्या वैलावरही पाणी ठेवले जाते. मुख्य चुलीतील जाळाची उरलेली उष्णता वैलाकडे वळत असल्याने त्यासाठी वेगळे इंधन लागत नाही. गोवा व कोकणात अंघोळीच्या पाण्यासाठी न्हाणीत तांब्याचे मोठे भांडे चुलीवर कायमचे बसवण्याची पद्धत होती. कोकणीत त्या भांड्याला भाण म्हणतात.

बंब हे या साधनांतील सर्वांत विकसित रूप होय. तांब्याच्या उभ्या, गोल भांड्याच्या मधोमध एक नळकांडे असते. त्याच्या तळाशी जाळी असून तिच्यावर लाकडाचे तुकडे, कोळसा, गोवऱ्या, कणसांची बुरकुंडे किंवा नारळाच्या करवंट्या जाळतात. नळकांड्याभोवतीच्या पोकळीत पाणी असते. अनेक बंबांत वरच्या नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी तळाशी जाते आणि वरचे गरम पाणी तोटीवाटे बाहेर ढकलले जाते. त्यामुळे जितके पाणी ओतावे तितकेच गरम पाणी मिळते आणि बंब रिकामा राहून जळत नाही. बंब घडवणे हा तांबट कारागिरांचा व्यवसाय होता. दिवाळीतील अभ्यंगस्नानाशी बंबाची आठवण आजही जोडलेली आहे.

लागणारी उष्णता

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यासाठी सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. पाच माणसांच्या कुटुंबात प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे एकूण ७५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायचे झाल्यास सुमारे ७.९ मेगाज्यूल उष्णता पाण्यात जावी लागते. विजेच्या हिशेबाने ही सुमारे २.२ युनिट होतात. साधन कोणतेही असले तरी ही गरज तेवढीच राहते. ती भागवताना किती उष्णता वाया जाते, यावर साधनाची कार्यक्षमता ठरते.

हवेवर वाळलेल्या एक किलो लाकडात साधारणपणे १५ मेगाज्यूल ऊर्जा असते. उघड्या चुलीत त्यातील १० ते १५ टक्केच पाण्यापर्यंत पोहोचते असे मानल्यास वरील कुटुंबाला रोज साडेतीन ते पाच किलो लाकूड लागते. वर्षभराचा हा हिशेब सव्वा ते दोन टनांच्या दरम्यान जातो. कार्यक्षमता दुप्पट झाली, तर तेवढ्याच पाण्याला निम्मे लाकूड पुरते. ओल्या लाकडातील बरीच उष्णता त्याच्यातील पाण्याची वाफ होण्यात जाते, म्हणून पावसाळ्यात खप वाढतो व धूरही अधिक होतो. भांड्यावर झाकण ठेवल्याने बाष्पीभवनातून होणारा उष्णतेचा ऱ्हास कमी होतो. या सुधारणेला खर्च जवळजवळ येत नाही.

स्वयंपाकाचा गॅस आणि अंघोळीचे पाणी

भारत सरकारने १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू केली. तिच्यामुळे गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे मोठ्या प्रमाणावर गॅसजोडण्या मिळाल्या. तथापि गॅस आल्यानंतरही चूल पूर्णपणे सुटली नाही. एकाच घरात अनेक इंधने शेजारी शेजारी वापरात राहिली आणि पाणी तापवण्याचे काम बहुधा चुलीकडेच राहिले.

यामागील कारण हिशेबातून स्पष्ट होते. एक किलो गॅसमध्ये सुमारे ४६ मेगाज्यूल ऊर्जा असते. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर वरील ७५ लिटर पाण्यासाठी रोज जवळजवळ ३०० ग्रॅम गॅस लागतो. या गतीने १४.२ किलोचे सिलिंडर केवळ अंघोळीच्या पाण्यावर साधारण दीड महिन्यात संपते. सिलिंडरसाठी एकरकमी रोख पैसे मोजावे लागतात, तर सरपणासाठी पैशांऐवजी श्रम व वेळ खर्ची पडतो. हे श्रम मुख्यतः घरातील स्त्रियांचे असल्याने कुटुंबाच्या जमाखर्चात ते दिसत नाहीत आणि लाकूड फुकट असल्याचा समज टिकून राहतो.

अंगणातील चुलीचा धूर घरातील चुलीच्या धुराइतका कोंडत नसला तरी जाळ घालणारी व्यक्ती आणि जवळ बसलेली मुले त्याच्या संपर्कात येतात. लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कणांचा संबंध दीर्घकालीन श्वसनविकार आणि लहान मुलांतील न्यूमोनिया यांच्याशी आहे. वनालगतच्या गावांत आणखी एक धोका असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा व ब्रह्मपुरी परिसरात सरपण, मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्यासाठी जंगलात जाणाऱ्या माणसांचा वाघाशी सामना होण्याच्या घटना घडतात. तेथे लाकडाची रोजची गरज घटणे म्हणजे जंगलातील फेऱ्या आणि त्यांतील जोखीम घटणे होय.

सुधारित चूल व बंब

केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. या काळात निर्धूर चूल हा शब्द महाराष्ट्रातील खेड्यांत रूढ झाला. सुधारित चुली व जैवइंधनाच्या क्षेत्रात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट (आरती) या संस्थेने काम केले. या प्रयत्नांचा मुख्य भर स्वयंपाकावर राहिला.

पाणी तापवण्याच्या बाबतीत बंबाची जुनी रचना मुळातच उपयुक्त ठरते. उघड्या चुलीत ज्वाला भांड्याच्या तळाला लागून बाजूंनी निसटते. बंबात जाळ मध्यभागी असून त्याभोवती पाणी असते. जाळीखालून हवा मिळत असल्याने इंधन अधिक पूर्ण जळते, वरच्या नळकांड्यामुळे ओढ निर्माण होते आणि लाकडाच्या लहान तुकड्यांवर किंवा शेतातील काडीकचऱ्यावरही काम भागते. वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट या संस्थेने चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी वनविभागातील गावांत बंबाच्या धर्तीचे, कमी लाकूड लागणारे पाणीतापक पुरवले. गॅसने स्वयंपाकाचे लाकूड कमी केल्यावर उरलेला वापर मुख्यतः पाण्यासाठी होतो, हे लक्षात घेऊन आखलेला हा उपाय आहे. बंबामुळे लाकूड पूर्णपणे सुटत नाही. त्याच्या राखेची नियमित सफाई करावी लागते आणि गळती झाल्यास डाग देऊ शकणारा कारागीर जवळपास असावा लागतो.

सौर बंब

सौर बंबाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. सपाट संग्राहकाच्या प्रकारात काचेखाली काळ्या लेपाचा धातूचा पत्रा व त्याला जोडलेल्या नळ्या असतात. निर्वात नळ्यांच्या प्रकारात दुहेरी काचेच्या नळ्या असून दोन काचांमधील निर्वात पोकळीमुळे उष्णता बाहेर जात नाही. दोन्ही प्रकारांत संग्राहकातील पाणी तापले की हलके होऊन वरच्या टाकीत जाते आणि टाकीतील थंड पाणी खाली येते. हा प्रवाह आपोआप चालत असल्याने पंपाची गरज नसते, मात्र टाकी संग्राहकाच्या वर असावी लागते. टाकीभोवती उष्णतारोधक थर असल्याने दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत गरम राहते.

सपाट प्रकारात दररोज १०० लिटर पाण्यासाठी साधारण दोन चौरस मीटरचा संग्राहक लागतो. महाराष्ट्रात तो दक्षिणेकडे तोंड करून तिरका बसवतात, जेणेकरून हिवाळ्यातील खाली उतरलेल्या सूर्याचे ऊन त्यावर अधिक सरळ पडावे. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर मिशनने २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर औष्णिक संग्राहकांचे उद्दिष्ट ठेवले होते.

खेड्यात सौर बंब बसवताना काही अडचणी हमखास येतात. भरलेल्या टाकीचे व सांगाड्याचे वजन कौलारू किंवा पत्र्याच्या छपराला पेलत नाही. अशा वेळी तो स्वतंत्र सांगाड्यावर, सावली नसलेल्या जागी उभारावा लागतो. संग्राहकात पाणी येण्यासाठी त्याहून उंच थंड पाण्याची टाकी असावी लागते, पण अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. विंधन विहिरीचे पाणी जड असल्यास नळ्यांत क्षारांचा थर बसतो व कार्यक्षमता घटते. अशा ठिकाणी नियमित सफाई किंवा उष्णता विनिमयक असलेली रचना आवश्यक ठरते. न्हाणीघर टाकीपासून दूर असेल, तर गरम पाणी येण्यापूर्वी नळीतील थंड पाणी आधी बाहेर पडते. टंचाईच्या गावात ते बादलीत धरून ठेवणे हिताचे असते. कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यातील ढगाळ आठवड्यांत पूरक साधन लागतेच.

विजेवरील साधने

पाण्यात बुडवायची कांडी हे खेड्यातील सर्वांत स्वस्त विद्युत साधन आहे. दीड किलोवॅटच्या कांडीला वरील ७५ लिटर पाणी तापवण्यास सुमारे दीड तास लागतो. भूसंपर्क नसलेल्या वीजजोडणीत ही कांडी धोकादायक ठरते. वीज चालू असताना पाण्याला हात लावू नये आणि धातूची बादली वापरू नये, हे नियम त्यासाठीच आहेत. गिझरमध्येही विजेचे थेट उष्णतेत रूपांतर होत असल्याने वीज तेवढीच लागते. टाकीत पाणी तासन्‌तास गरम ठेवल्यास हा खर्च वाढतो.

उष्णता पंप शीतकपाटाच्या उलट काम करतो. तो बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून पाण्यात सोडतो. एक युनिट विजेतून तीन युनिटांइतकी उष्णता मिळत असल्यास वरील कुटुंबाला रोज पाऊण युनिट वीज पुरते. यंत्र महाग असून दुरुस्तीसाठी प्रशिक्षित माणूस लागतो. म्हणून एका घरापेक्षा वसतिगृह, दवाखाना किंवा दूध संकलन केंद्र अशा ठिकाणी ते अधिक परवडते.

सामुदायिक व्यवस्था

आश्रमशाळा, वसतिगृहे आणि ग्रामीण रुग्णालये यांत पाण्याची गरज मोठी व नियमित असल्याने सामायिक सौर संचांचा उपयोग होतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा येथे ग्रामपंचायतीने ग्रामस्थांना गरम पाणी पुरवण्याची सोय केली. अशा व्यवस्थेत छप्पर, टाकी व पाण्याची जोडणी यांचा खर्च वाटला जातो आणि ज्याच्या घराला गच्ची नाही त्यालाही लाभ मिळतो. मात्र पहाटेच्या ठरावीक तासांत सर्वांची मागणी एकदम येते, तसेच बादल्या भरून घरी नेण्याचे काम पुन्हा स्त्रियांकडेच जाण्याची शक्यता असते. देखभालीची जबाबदारी आणि तिच्यासाठीचा निधी आधी निश्चित केल्यासच संच दीर्घकाळ चालतात.

साधनाची निवड

एकच साधन सर्व घरांना लागू पडत नाही. पक्की गच्ची, वाहते पाणी आणि आरंभीची रक्कम असलेल्या घराला सौर बंब सोयीचा असतो. वीज भरवशाची असल्यास व संस्थात्मक गरज असल्यास उष्णता पंप उपयुक्त ठरतो. भूमिहीन किंवा वनालगतच्या कुटुंबाला चांगला बंब, वाळवून साठवलेले सरपण आणि भांड्यावरचे झाकण यांतून लगेच बचत मिळते. अनुदानाने साधन घरी पोहोचले तरी रोजची सवय, दुरुस्तीची सोय आणि पहाटे वेळेवर मिळणारे गरम पाणी यांवरच जुनी चूल खरोखर विझते की नाही हे अवलंबून असते.