वॉर्डातले वाद आणि अंदाजपत्रकातले आकडे

रुग्णालय म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि औषधांचे बिल येते. दाखल झालेल्या रुग्णाचे चोवीस तास ज्यांच्या हाती असतात त्या परिचारिका, आणि त्यांच्या कामाची घडी बसवणारी परिसेविका, यांचा विचार फारसा होत नाही. बोलीभाषेत परिसेविकेला 'इन-चार्ज सिस्टर' म्हणतात. तिच्या वरचे पद अधिसेविकेचे, म्हणजे मेट्रनचे. रुग्णसेवेतील दीर्घ अनुभवाच्या बळावर परिचारिका या पदांपर्यंत पोहोचते. पदावर आल्यानंतर मात्र तिचा निम्मा दिवस ज्या दोन कामांत जातो, त्यांचा अनुभव तिला वॉर्डात मिळालेला नसतो. एक, माणसांमधले तंटे सोडवणे. आणि दुसरे, मनुष्यबळाचा व साहित्याचा वार्षिक हिशेब बसवणे.

ही दोन कामे स्वतंत्र मानण्याची प्रथा आहे. वाद हा स्वभावाचा प्रश्न आणि अंदाजपत्रक हा लेखा विभागाचा, अशी विभागणी केली जाते. प्रत्यक्षात वॉर्डातील बरेचसे वाद हे अंदाजपत्रकातील चुकांचे पडसाद असतात. जी तूट कागदावर मांडलेली नसते, ती माणसांच्या संबंधांतून वसूल होते.

१२ पाळ्या, १७ जणी

परिचारिकांमधील कुरबुरींचे सर्वांत जुने कारण म्हणजे ड्युटी लिस्ट. रात्रपाळ्या कोणाच्या वाट्याला जास्त आल्या, दिवाळीत सुटी कोणाला मिळाली, ऐनवेळी दुसऱ्या वॉर्डात कोणाला पाठवले, यावरून अबोला धरला जातो. परिसेविका पक्षपाती आहे, असा बोलबाला होतो. तिने कितीही न्यायबुद्धीने यादी केली तरी तक्रारी थांबत नाहीत. याचे कारण पुष्कळदा साध्या गणितात असते.

उदाहरणादाखल ३० खाटांचा एक सर्वसाधारण वॉर्ड घेऊ. सकाळी ५, दुपारी ४ आणि रात्री ३ परिचारिका हव्यात असे धरले, तर दिवसाला १२ आणि वर्षाला ४,३८० पाळ्या भरायच्या आहेत. एक परिचारिका वर्षात किती दिवस कामावर येऊ शकते? ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा आणि १० सणावाराच्या सुट्या वजा केल्या, तर २६५ दिवस उरतात. ४,३८० ला २६५ ने भागले की उत्तर साडेसोळा येते. याचा अर्थ, रोज १२ जणी कामावर दिसाव्यात यासाठी पटावर १७ जणी असाव्या लागतात.

समजा, पटावर १४ जणीच आहेत. मग वर्षाला ६७० पाळ्या कमी पडतात. महिन्याला सुमारे ५६, म्हणजे दिवसाला जवळपास दोन. या दोन पाळ्या रोज कोणाच्या तरी सुटीतून, जेवणाच्या वेळेतून किंवा जादा तासांतून काढल्या जातात. अशा वेळी ज्येष्ठ आणि कनिष्ठ, कायम आणि कंत्राटी, लहान मुले असलेल्या आणि नसलेल्या परिचारिका यांच्यात जे खटके उडतात, ते या गणिताचेच उत्तर असते. परिसेविकेने समजूत घालून ते चार दिवस थांबतील. पुढच्या महिन्याची यादी लागली की पुन्हा सुरू होतील.

यासाठीच मनुष्यबळाच्या निकषांत 'रजा राखीव' ही कल्पना आली. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत खाटांच्या प्रमाणात काढलेल्या संख्येवर ३० टक्के रजा राखीव धरण्याची तरतूद आहे. नेमकी गरज प्रत्येक संस्थेच्या रजानियमांनुसार कमी-अधिक होते. तरीही मंजूर पदे मोजताना ही राखीव संख्या पहिल्यांदा विसरली जाते, आणि जी पदे मंजूर होतात तीही पूर्ण भरलेली नसतात.

परिचर्येच्या व्यवसायात स्त्रियांची संख्या मोठी असल्याने आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने सवेतन प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ही सुधारणा सर्वथा योग्यच होती. परंतु अंदाजपत्रकात तिची दखल घेतली गेली नाही, तर तिचा भार सहकारी परिचारिकांवर पडतो. वरील उदाहरणात एका प्रसूती रजेमुळे सुमारे १३० पाळ्या रिकाम्या होतात. पटावर पूर्ण १७ जणी असल्या तरी वर्षाकाठी फक्त १२५ पाळ्या शिल्लक राहतात. म्हणजे एकाच प्रसूती रजेत सगळी शिलकी संपते. अशा रजेवर निघालेल्या परिचारिकेकडे सहकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालून पाहावे, ही त्या सहकाऱ्यांची निष्ठुरता नसून नियोजनातील उणीव असते. त्यावर उपाय म्हणजे अशा रजांचा अंदाज वर्षाच्या प्रारंभीच बांधणे आणि चार-पाच वॉर्डांना मिळून बदली परिचारिकांचा एक समाईक गट ठेवणे.

रुग्णाच्या जिवाचा प्रश्न

हा प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीचा असता, तर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, एका परिचारिकेकडे सरासरीने एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू ओढवण्याची संभाव्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते, असे त्यात आढळले. परिचारिकांमधील मानसिक थकव्याची संभाव्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. थकलेले, चिडलेले मनुष्यबळ आणि धोक्यात आलेले रुग्ण ही एकाच कारणाची दोन फळे आहेत, हे या आकड्यांनी स्पष्ट केले.

'हे खरे, पण पैसा कोठून आणायचा?' हा व्यवस्थापनाचा नेहमीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये निवडक सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिका आणि रुग्ण यांचे किमान प्रमाण सक्तीचे केले. त्याचा अभ्यास २०२१ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत हा नियम लागू झाला तेथे रुग्णांचा मुक्काम कमी झाला आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रसंगही घटले. त्यातून वाचलेली रक्कम वाढीव परिचारिकांवरील खर्चाच्या सुमारे दुप्पट होती. क्वीन्सलँडची व्यवस्था आणि आपली व्यवस्था यांत पुष्कळ अंतर आहे. तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. परंतु परिचारिकांचे वेतन हा केवळ खर्च आहे आणि काटकसरीची पहिली कात्री तेथेच लावावी, हा समज तपासून पाहायला लावणारा हा पुरावा आहे.

हातमोज्यांचा हिशेब

मनुष्यबळाखालोखाल वादाचे कारण ठरते ते साहित्य. हातमोजे, सिरिंज, सलाइनचे संच, कापूस, चादरी. रात्रपाळीने सगळे संपवले, असे सकाळची पाळी म्हणते. सकाळी मागणीपत्रच पाठवले नाही, असे रात्रपाळी म्हणते. त्यातच लेखा विभागाचे पत्र येते : खर्च अंदाजापेक्षा वाढला आहे, उधळपट्टी थांबवावी. ते पत्र परिसेविका वॉर्डात वाचून दाखवते आणि भांडणाला नवे निमित्त मिळते.

येथे फरकाची फोड करण्याचे तंत्र उपयोगी पडते. समजा, वर्षाला ९,००० रुग्णदिन धरून हातमोज्यांच्या २०,००० जोड्या, प्रत्येकी ८ रुपये दराने, म्हणजे १ लाख ६० हजार रुपये मंजूर झाले. (एका रुग्णाचा वॉर्डातील एक दिवस म्हणजे एक रुग्णदिन.) वर्षअखेर २४,००० जोड्या लागल्या आणि दर ९ रुपये झाला. खर्च २ लाख १६ हजार रुपये. वाढ ५६ हजारांची. वरवर पाहता वॉर्डाने उधळपट्टी केली, असेच कोणी म्हणेल.

आता ही वाढ सुटी करून पाहू. दर एका रुपयाने वाढल्यामुळे २४,००० जोड्यांवर २४ हजार रुपये जास्त गेले. तो दर वॉर्डाच्या हाती नव्हता. रुग्णदिन ९,००० ऐवजी १०,३५० झाले. त्या प्रमाणात २३,००० जोड्या लागणे स्वाभाविकच होते. या जादा ३,००० जोड्यांचे जुन्या दराने २४ हजार रुपये होतात. उरल्या १,००० जोड्या, म्हणजे ८ हजार रुपये. वॉर्डाने जाब द्यायचा तो एवढ्याच रकमेचा. तोही उधळपट्टीचाच असेल असे नाही. संसर्गाचे रुग्ण वाढले तरी वापर वाढतो. ही फोड हाती असलेली परिसेविका लेखा अधिकाऱ्याशी आकड्यांत बोलू शकते आणि वॉर्डात कोणावर विनाकारण ठपका ठेवत नाही. हिशेब नीट असला की निम्मा वाद तेथेच विरतो.

वाद मिटवण्याच्या रीती

सगळेच वाद अर्थात आकड्यांनी सुटत नाहीत. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी १९७४ मध्ये वाद हाताळण्याच्या पाच रीती मांडल्या : आपले म्हणणे रेटणे, समोरच्याचे मान्य करणे, वाद टाळणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे आणि दोघांचीही गरज भागेल असा मार्ग शोधणे. यांतील कोणतीही रीत सर्वकाळ योग्य किंवा अयोग्य नसते. रुग्णाचे हृदय थांबले असताना चर्चा होत नाही. तेथे ज्येष्ठ परिचारिकेचा आदेशच चालतो. दोघी रागाच्या भरात असतील तर तासभर विषय न काढणे हेच शहाणपण. पाडव्याची सुटी एकीला आणि नाताळची दुसरीला, ही तडजोड पुरेशी असते.

पाचवी रीत मात्र कष्टाची आणि टिकाऊ. व्यवस्थापनशास्त्रातील आद्य विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये तिचे एक साधे उदाहरण दिले होते. ग्रंथालयाच्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, दुसऱ्याला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडण्यात आली. एकाला हवा मिळाली, दुसऱ्याला अंगावर येणारा वारा टळला. मागणी आणि मागणीमागची गरज यांत फरक असतो, हे त्यातले मर्म. 'मला रात्रपाळी नको' ही मागणी झाली. तिच्यामागची गरज सकाळी मुलाला शाळेत सोडण्याची असू शकते, शेवटची लोकल चुकण्याची भीती असू शकते किंवा रात्री एकटीवर येणाऱ्या जबाबदारीचे दडपण असू शकते. गरज कळली की उपायही निरनिराळे सुचतात.

पद्धत सोपी आहे, पण शिस्त मागणारी आहे. दोन्ही बाजू आधी स्वतंत्रपणे ऐकाव्यात. मग रुग्ण, नातेवाईक आणि मामा-मावशी यांच्यासमोर नव्हे, तर बंद खोलीत दोघींना समोरासमोर बसवावे. 'तुम्ही नेहमीच उशिरा येता' असे न म्हणता 'या आठवड्यात तीनदा ओव्हर घ्यायला वीस मिनिटे उशीर झाला' असे म्हणावे. पहिले वाक्य स्वभावावर बोट ठेवते, दुसरे घटनेवर. जे ठरेल ते चार ओळींत लिहावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातील मतभेदांनाही हीच रीत लागू आहे. मात्र तेथे अधिकाराची उतरंड आड येत असल्याने अधिसेविकेने स्वतः पुढाकार घेणे इष्ट ठरते.

काही बाबी मात्र वॉर्डात मिटवण्याच्या नसतातच. लैंगिक छळाची तक्रार ही 'आपापसातली गोष्ट' नव्हे; २०१३ च्या कायद्यानुसार ती अंतर्गत समितीकडेच जायला हवी. नातेवाइकांनी हात उगारला, तर महाराष्ट्रात त्यासाठी २०१० चा स्वतंत्र कायदा आहे; तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरतो. समजुतीच्या नावाखाली अशी प्रकरणे दडपणारी परिसेविका शांतता राखत नाही. ती परिचारिकांचा विश्वास गमावते.

नोंदवही हाच पुरावा

म्हणूनच वॉर्डात दोन नोंदी नेमाने ठेवल्या जाव्यात. किती पाळ्या रिकाम्या राहिल्या आणि त्या कशा भरल्या, ही पहिली. कोणत्या कारणावरून वाद झाले, ही दुसरी. त्यात नावे नकोत, कारणे पुरेत. वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवल्या की वादांची गर्दी कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या तुटवड्याभोवती होती, हे दिसते. 'आम्हाला माणसे कमी पडतात' ही तक्रार व्यवस्थापन वर्षानुवर्षे ऐकत आलेले असते. '६७० पाळ्या रिकाम्या, त्यांपैकी इतक्या जादा कामाने भरल्या, त्याचा खर्च इतका, आणि तेवढ्या काळात इतक्या परिचारिकांनी नोकरी सोडली' ही मांडणी टाळणे कठीण जाते. सोडून गेलेल्या परिचारिकेच्या जागी नवी आणून तिला तयार करण्याचा खर्चही त्यात धरावा. तो कोणत्याही एका रकान्यात दिसत नसल्याने नेहमी निसटतो.

अशी मागणी प्रत्येक वेळी मान्य होईलच असे नाही. सरकारी रुग्णालयात पदनिर्मिती वॉर्डाच्या हाती नसते आणि खासगी रुग्णालयात नफ्याचे गणित आड येते. तरीही आकडे उघड असले की एक गोष्ट साधते. परिचारिकांना कळते की आपले भांडण एकमेकींशी नाही. तुटवडा तसाच राहिला, तरी तो सर्वांनी मिळून कसा वाटून घ्यायचा, याची चर्चा शक्य होते. ज्या वॉर्डात ही चर्चा होते, तेथे रात्री तीन वाजता घंटी वाजवणाऱ्या रुग्णाकडे कोणीतरी वेळेवर पोहोचते. अंदाजपत्रकाचा आणि समेटाचा अंतिम हेतू याहून वेगळा नाही.